बारा बाय चौदा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटन खात्याने २०१८ मध्ये नवं घोषवाक्य काढलं. त्याचा मतलब एवढाच, की खरं सांगायचं तर आमचं राज्य सगळ्यांच्या पचनी पडेल असं नाही. त्याआधी सलग काही वर्षं एका पाहणीत ‘फिरायला कुठे जायला आवडेल?’ या प्रश्नावर नेब्रास्काचा नंबर पन्नास राज्यांत शेवटचा लागत होता. खात्याने मग लपवाछपवी सोडून दिली आणि त्याचीच जाहिरात केली. आपल्याकडे तापोळ्याला मिनी काश्मीर म्हटल्याशिवाय पुण्या-मुंबईची गाडी घाट चढत नाही. तिथे अख्खं सरकार ‘बघा बुवा, जमलं तर या’ म्हणून मोकळं होतं.

अशा राज्यातही मराठी माणसं आहेत. ओमाहात विमा कंपन्या आहेत, एका मोठ्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय आहे, वॉरन बफे आहेत, आणि बफेंना वगळून उरलेल्यांचे कॉम्प्युटर सांभाळायला आपली मुलं आहेत. मुलं आली की मागोमाग त्यांचे आईबाबाही येतात. पहिल्या महिन्यात नायगारा होतो, दुसऱ्यात शिकागो. कॉस्टको तर दर आठवड्याला असतंच. मग एखाद्या शनिवारी मुलगा म्हणतो, “चला, जवळच एक म्युझियम आहे. पावणेदोन तासांवर.” पावणेदोन तासांत सदाशिव पेठेतून सातारा येतो, हे बाबा मनात म्हणतात आणि गाडीत बसतात.

अमेरिकेच्या मध्य भागात ज्या गावाला धड बाजारपेठ नसते त्यालाही संग्रहालय असतं. विषय सगळीकडे एकच : आमचे पणजोबा इथे कसे आले आणि त्यांनी काय हाल काढले. दारात टेबल टाकून एक आजी बसलेल्या असतात. पगार न घेता बसतात, त्यामुळे उत्साह दांडगा. “कुठून आलात?” हा पहिला प्रश्न, आणि ‘इंडिया’ ऐकलं की भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचण्याचा आग्रह. पुढे लोणी काढायचं लाकडी बुधलं, पायाचं शिवणयंत्र, कोळशाची इस्त्री, कुणाच्या तरी खापरपणजीचा लग्नातला झगा, न हसणाऱ्या दाढीवाल्यांचे फोटो, आणि नुसत्या दर्शनाने दाढदुखी थांबावी अशी दंतवैद्याची खुर्ची. शेवटी एका फळीवर काटेरी तारेचे वीत-वीत लांबीचे तुकडे ओळीने ठोकलेले आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलेलं. फुलपाखरं जमवावीत तशी हे लोक तार जमवतात. त्याला कारणही आहे. माळावर झाड नाही, म्हणजे कुंपणाला लाकूड नाही. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि ‘माझा बांध कुठे संपतो’ या सनातन प्रश्नाला टोचरं उत्तर मिळालं.

या दालनांतून मराठी आईला फिरवणं सोपं नाही. जिच्याभोवती काच आणि वर दिवा लावलाय ती वस्तू तिच्या माहेरी परवापरवापर्यंत रोज वापरात होती. कोळशाच्या इस्त्रीपाशी ती थबकते. “ही? ही आपल्याकडे माळ्यावर आहे.” बाबा लगेच म्हणतात, “म्हणून सांगत होतो, भंगारात देऊ नकोस.” मुलगा आजूबाजूला बघतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघताना आपण वाहवा करतो ती त्यांच्यावरच्या कोरीवकामाला. इथल्या वस्तूंवर मोर नाही, वेलबुट्टी नाही. त्या करणाऱ्याला तेवढी सवड नव्हती, आणि संग्रहालयाला त्याचाच अभिमान आहे.

हाल काढले हे खरंच. पण ही दालनं नीट बघितली तर हळूहळू दुसराच माणूस दिसायला लागतो. तो अर्ज भरतो, शपथेवर खोटं बोलतो, गावाकडच्यांना बनवतो आणि सामान जास्त झालं की रस्त्यात टाकून देतो. म्हणजे तो अगदी ओळखीचा निघतो.

त्याची पहिली गाठ पडते ती बीॲट्रिस गावाबाहेरच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये. २० मे १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. कायदा चार ओळींत सांगता येतो. वय एकवीस असावं किंवा तुम्ही कुटुंबप्रमुख असावं, सरकारविरुद्ध हत्यार उचललेलं नसावं. १६० एकर निवडा, तिथे घर बांधा, पाच वर्षं राहा, जमीन कसा. सगळी मिळून फी १८ डॉलर. बाईलाही अर्ज करता येत होता, मग ती अविवाहित असो की विधवा. १८६२ सालच्या मानाने हे पुष्कळच.

१६० एकर हा आकडा ऐकून बाबा तिथल्या बाकावर बसतात. त्यांचं नाव एका सातबाऱ्यावर आहे. त्याच सातबाऱ्यावर आणखी तेरा नावं आहेत, त्यांपैकी चार वारली, दोन बोलत नाहीत, आणि क्षेत्र आहे बावीस गुंठे.

संग्रहालयाच्या लोकांना हा गोंधळ ठाऊक असावा, कारण अमेरिकनांनाही आता एकर म्हणजे किती ते डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून त्यांनी गाड्या लावायची जागा मोजून एक एकराची केली आहे. हे वाचल्यावर आईबाबा पुन्हा बाहेर जातात आणि पार्किंगला चक्कर मारतात. एकशेसाठ वेळा हेच, असं स्वतःला समजावतात. आत जगातलं काय काय मांडलं असेल, पण या पार्किंगसारखं शिकवणारं दालन दुसरं नाही. इमारतीचं छप्परही नांगरासारखं उभारलंय, ते मात्र आधी सांगावं लागतं.

हे पार्क ज्या जमिनीवर आहे ती डॅनिअल फ्रीमन नावाच्या माणसाची. कायदा लागू झाला १ जानेवारी १८६३ रोजी, आणि पहिल्या अर्जदारांत त्याचं नाव येतं. गोष्ट अशी सांगतात की फ्रीमनला सैन्यात हजर व्हायला निघायचं होतं आणि जमीन कचेरी तर सकाळी उघडणार. ब्राउनव्हिल गावात नववर्षाच्या आदल्या रात्री पार्टी होती, तिथे त्याला कचेरीतला माणूस भेटला. फ्रीमनने त्याला असा काही पटवला की मध्यरात्र उलटताच कचेरी उघडून अर्ज नोंदवला गेला. अमेरिकन प्रेक्षक इथे फ्रीमनच्या जिद्दीला दाद देतात. मराठी प्रेक्षक त्या कारकुनाचा फोटो कुठे लावलाय का ते शोधतो. सुट्टीच्या दिवशी, मध्यरात्री, पार्टी अर्धी टाकून एका अर्जासाठी कुलूप उघडणारा सरकारी माणूस! संग्रहालय कुणाचं असायला हवं होतं?

फ्रीमन नुसताच पहिल्यांतला नव्हता, भांडकुदळही होता. म्हातारपणी घराजवळच्या शाळेत मास्तरीण बायबल वाचून घेते म्हणून तो कोर्टात गेला. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एकदा कचेरीची पायरी चढलेला माणूस ती सहसा विसरत नाही.

आता घराची अट. पाच वर्षं पुरी झाली की दोन साक्षीदार घेऊन कचेरीत जायचं आणि जमिनीवर घर आहे, त्यात आपण राहतो, असं शपथेवर सांगायचं. राहण्याजोगं घर म्हणजे किती, तर साधारण बारा बाय चौदा असा हिशेब धरला जाई. बारा फूट आणि चौदा फूट. पण काही कागदांवर नुसतंच ‘बारा बाय चौदा’ लिहिलेलं असे. मग काही बहाद्दरांनी बारा इंच बाय चौदा इंचांचं घर ठोकून तयार केलं, माळावर मधोमध ठेवलं आणि साक्षीदारांनी देवाला स्मरून शपथ घेतली, की होय, बारा बाय चौदाचं घर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. कुणी त्याहून हुशार. त्यांनी चाकांवरचं घर बांधलं आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली, दिवसाला पाच डॉलर. आज तुमच्या जमिनीवर, उद्या शेजाऱ्याच्या. ज्याची साक्ष त्याच्या दारात घर.

हे ऐकताना बाबांचा चेहरा उजळतो. म्युझियममध्ये आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. तपासणीच्या दिवशी दुसऱ्या गोठ्यातल्या गाई आणून बांधणारे आणि कर्जाच्या फायलीत एकच विहीर दोन गटांत दाखवणारे लोक त्यांना नावानिशी माहीत असतात. अमेरिकेचा पश्चिम भाग धाडसी लोकांनी वसवला असं शाळेत शिकवलेलं असतं. इंच आणि फुटांमधली फट शोधणाऱ्यांनीही तो थोडाफार वसवला, हे कळल्यावर त्या देशाबद्दल त्यांना जिव्हाळा वाटू लागतो.

इमारतीबाहेर लोखंडी पत्र्यांची एक भिंत आहे. होमस्टेड कायद्याखाली जमीन दिलेल्या तीस राज्यांचे नकाशे ओळीने, आणि प्रत्येकात जेवढी जमीन अशी वाटली गेली तेवढा चौकोन कापून काढलेला. नेब्रास्काच्या पत्र्याला पडलेलं भोक सगळ्यात मोठ्यांपैकी, ४५ टक्क्यांचं. देशभरात मिळून सुमारे १६ लाख अर्जदारांना २७ कोटी एकर जमीन मिळाली, म्हणजे देशाच्या दहाव्या हिश्शाएवढी.

एवढी जमीन सरकारकडे आली कुठून, हा प्रश्न आईला पडतो. तिच्या घराण्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘आधी कुणाची होती?’ हाच असतो. बीॲट्रिसच्या परिसरात ओटो-मिझुरिया हे मूळनिवासी लोक राहत, पश्चिमेकडे प्लॅट नदीकाठी पॉनी. करार झाले, राखीव क्षेत्रं आखली, ती पुन्हा आक्रसली, आणि १८७० ते ८१ च्या दरम्यान दोन्ही समाजांना आजच्या ओक्लाहोमात धाडण्यात आलं. या पार्कमध्ये हे मोकळेपणाने सांगितलंय. गावोगावच्या लहान संग्रहालयांत मात्र त्यांच्या वाट्याला दाराजवळचं एक कपाट येतं. त्यात बाणांची टोकं, दोन मोकासिन आणि ‘वसाहतीपूर्वी’ अशी पाटी. पुढची बारा दालनं वसाहतीनंतरची. १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टात पोंका समाजाचा प्रमुख स्टँडिंग बेअर उभा राहिला. मुलाला पुरायला तो परवानगी न घेता आपल्या मूळ भूमीकडे निघाला होता, म्हणून पकडला गेला होता. न्यायमूर्ती डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या नजरेत इंडियन हाही ‘माणूस’ आहे. याला निकाल लागावा लागला. जमिनीचे अर्ज नोंदवायला सुरुवात होऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

पुढचं दालन घराचं, आणि तिथे हसू परत येतं.

जमीन मिळाली तरी माळावर झाड नव्हतं, दगड नव्हता. म्हणून त्यांनी जमिनीचंच घर केलं. गवताच्या दाट मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे लांबट तुकडे नांगराने कापायचे आणि विटांसारखे उलटे रचायचे. याला ते थट्टेने ‘नेब्रास्का मार्बल’ म्हणत. भिंती दोन-तीन फूट जाड, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. सोलापूर-लातूरकडचं माळवद ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही, आणि पावसाळ्यात माळवदाखाली झोपलेल्यांना तर पुढचंही सांगावं लागणार नाही. बाहेर दोन दिवस पाऊस पडला की आत तो तीन दिवस पडतो, अशी म्हणच होती. बायका एका हातात छत्री धरून चुलीवरचं ढवळत. छतातून माती, उंदीर आणि अधूनमधून साप पानात पडू नये म्हणून आतून मांजरपाटाचं कापड ताणून बांधत.

अशा घरांचे फोटो काढत फिरणारा एक अवलिया होता, सॉलोमन बुचर. स्वतः होमस्टेडर म्हणून आला, शेती जमली नाही, तेव्हा १८८६ पासून कस्टर काउंटीतल्या घराघरांपुढे कॅमेरा लावत सुटला. तीन हजारांवर काचेच्या प्लेटी त्याने केल्या, आणि आज कुठल्याही पायोनियर संग्रहालयात भिंतीवर त्याचे फोटो असतातच. अख्खं कुटुंब घरापुढे ओळीत उभं. शेजारी घोडे, गाय, कुत्रा, शिवणयंत्र. जे जे कमावलं ते सगळं चौकटीत. एका प्लेटीवर डाग पडला तेव्हा बुचरने त्या जागी शाईने टर्की पक्षी काढले. त्या कुटुंबाकडे टर्की वाढले, फुकटात.

यातला एक फोटो १८८७ सालचा, हिल्टन कुटुंबाचा. मोकळा माळ, मागे गुरं, आणि मधोमध अंगणात चक्क एक ऑर्गन उभा. पायाने भाता मारून वाजवायचा, नक्षीदार, मोठ्ठा. त्याच्याभोवती नवरा-बायको आणि पोरं कोरड्या जमिनीवर उभी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं उघड्यावर मैफल करतात की काय. खरी गोष्ट अशी, की बाईंना पूर्वेकडच्या नातेवाइकांना फोटो पाठवायचा होता. ऑर्गन घेतलाय हे त्यांना दिसायला हवं होतं, आणि आपण मातीच्या घरात राहतो हे मुळीच दिसायला नको होतं. तेव्हा बाईंनी ऑर्गन बाहेर काढायला लावला, कॅमेरा घराकडे पाठ करून उभा केला आणि फोटो निघाल्यावर तेवढंच ओझं परत आत न्यायला लावलं.

आई या फोटोपुढे बराच वेळ उभी राहते. मुलगा अमेरिकेत आला त्या वर्षी त्याने लाल मोटारीला टेकून काढलेला एक फोटो पाठवला होता. तो फ्रेम करून टीव्हीशेजारी ठेवलाय. गाडी रूममेटच्या मित्राची होती हे तिला कधीच कळलंय. ती काही बोलत नाही. मुलगा एकदम पुढच्या दालनाकडे निघतो.

पुढच्या दालनात जाहिराती आहेत. ही माणसं इथे आली ती निव्वळ धाडसापायी नव्हे, छापील कागदांमुळेही. रेल्वे कंपन्यांना सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी दिल्या होत्या आणि त्या खपवायच्या होत्या. जर्मन, स्वीडिश, चेक अशा भाषांमध्ये पत्रकं निघाली. सुपीक जमीन, निरोगी हवा, स्टेशन शेजारी. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ वाचून बदलापूरला फ्लॅट घेतलेल्यांना यापुढचं कळायला वेळ लागत नाही. बर्लिंग्टन रेल्वेने लिंकन शहराच्या पश्चिमेला लोहमार्ग टाकला तेव्हा गावंच नव्हती, म्हणून तीही तिनेच वसवली आणि नावं मुळाक्षरांच्या क्रमाने दिली : क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड... इंग्रजी बाराखडी पाठ असली की वेळापत्रक बघायला नको. पाऊस कमी पडतो ही तक्रार मिटवायलाही सिद्धान्त तयार होता. चार्ल्स डेना विल्बर नावाच्या गृहस्थाने १८८१ मध्ये छापून सांगितलं की जिथे नांगर जातो तिथे मागोमाग पाऊस येतो. म्हणजे आधी जमीन घ्या, नांगरा, मग ढगांकडे बघा. पुढच्या दशकात जे दुष्काळ पडले त्यांनी हा सिद्धान्त वाचलेला नसावा.

पाऊस आला नाही, टोळ मात्र त्याआधीच येऊन गेले होते. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वतातले टोळ असे उतरले की सूर्य झाकला गेला. पिकं खाल्ली, मेंढ्यांच्या अंगावरची लोकर खाल्ली, घामाने खारट झालेले अवजारांचे दांडेही कुरतडले. बायकांनी भाजीच्या वाफ्यांवर चादरी टाकल्या तर आधी चादरी संपवल्या. आणि तो टोळ पुढे तीसेक वर्षांत जगातून नाहीसा झाला. जिवंत नमुना शेवटचा सापडला तो १९०२ मध्ये.

बीॲट्रिसहून पश्चिमेला मिंडेन गावी ‘हॅरल्ड वार्प पायोनियर व्हिलेज’ आहे. इथे येईपर्यंत दुपार होते, आईबाबांनी डबा खाल्लेला असतो आणि खरं तर आता बस झालं असतं. पण वार्प हा इसम सोडण्यासारखा नाही. नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातलं बारावं लेकरू, १९०३ चा जन्म, तोही मातीच्याच घरातला. कोंबड्यांच्या खुराड्याला काच लावली की ऊन आत येतं, पण त्यातले अतिनील किरण बाहेरच अडतात, हे त्याने हेरलं आणि काचेऐवजी लावायला एक लवचीक पारदर्शक कापड काढलं. १९२४ मध्ये ते घेऊन शिकागोला गेला आणि पुढे प्लास्टिकच्या धंद्यात गब्बर झाला. माळावरच्या पायोनियरांचं हे भव्य स्मारक अशा रीतीने कोंबड्यांच्या पुण्याईवर उभं आहे. तो ज्यात शिकला ती एकखोली शाळा विकायला निघाली तेव्हा त्याने ती विकत घेतली. नंतर त्याला थांबता आलं नाही. १९५३ मध्ये संग्रहालय उघडलं आणि वस्तू झाल्या पन्नास हजार.

पन्नास हजार वस्तू, आणि सगळ्या कालक्रमाने. वार्पला कलेशी देणंघेणं नव्हतं, प्रगतीशी होतं. म्हणून इथे दिव्यांची रांग आहे, नांगरांची, मोटारींची, धुलाईयंत्रांची रांग आहे. एका बाजूला स्वयंपाकघरं मांडलीत. १८३० च्या उघड्या शेगडीपासून सुरू होऊन एकेक पिढी पुढे सरकत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत येतात. आई या रांगेतून उलटसुलट दोनदा जाते. कुठल्या सालात तिची आजी, कुठल्यात आई, कुठल्यात ती स्वतः, हे ती बोट दाखवून सांगते. फक्त अमेरिकन सालाच्या पाटीत प्रत्येक वेळी चाळीसेक वर्षं मिळवावी लागतात. शेवटचं स्वयंपाकघर बघून ती म्हणते, “अय्या, हे तर आपलं आत्ताचंच.” मुलगा म्हणतो, “आई, हे म्युझियम आहे.” “मग आपलं काय आहे?” यावर त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण ओट्याच्या फरशीसाठी पैसे त्यानेच द्यायचे ठरलेले असतात.

तिथून कार्नी गावाजवळची कमान अर्ध्या-पाऊण तासावर. तिची गंमत अशी, की ती संग्रहालयही आहे आणि पूलही. इंटरस्टेट ८० या महामार्गाच्या वर ती आडवी पसरली आहे. रस्त्याच्या कडेला सांगाडा बांधून १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत महामार्ग बंद करून तो वर सरकवला, आणि २००० मध्ये लोकांना आत सोडलं. सरकत्या जिन्याने वर गेलं की ओरेगन ट्रेल, म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्यांची वाट, सुरू होते.

मिसूरी नदीपासून ओरेगनपर्यंत सुमारे ३२०० किलोमीटर. बैलगाडी, चार-पाच महिने, दिवसाला पंधराएक मैल. सिनेमात माणसं गाडीत बसलेली दिसतात, पण गाडीला स्प्रिंग नसत आणि बैलांना आधीच ओझं फार, म्हणून बहुतेक जण चालतच गेले. गाडीत बसायचं सामानाने. लान्सफर्ड हेस्टिंग्ज याने १८४५ मध्ये लिहिलेल्या वाटाड्या-पुस्तकात माणशी हिशेब दिलाय : कणीक २०० पौंड, खारवलेलं डुकराचं मांस १५०, साखर २०, कॉफी १०, मीठ १०. (याच गृहस्थाने पुस्तकात एक जवळची वाटही सुचवली होती, जिच्यावरून त्याने स्वतः एकही गाडी नेलेली नव्हती. १८४६ मध्ये डॉनर मंडळी त्या वाटेने गेली आणि सिएरा पर्वतात बर्फात अडकली. ८७ पैकी जवळपास निम्मी माणसं दगावली. रस्ता विचारताना ‘स्वतः गेला आहात का?’ हे विचारावं.)

सामान अर्थातच जास्त होई. १८४९ मध्ये फोर्ट लॅरामीच्या आसपास लोकांनी टाकून दिलेल्या मांसाचे ढीग लागले होते. लोखंडी चुली, कपाटं, पलंग रस्त्याच्या कडेला सोडलेले. मुंबई विमानतळावर तेवीस किलोच्या बॅगेपुढे बसून मेतकुटाची पिशवी कुणाच्या हातातल्या बॅगेत कोंबायची यावर चाललेली चर्चा ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे चित्र नवं नाही. फरक इतकाच, की गोडा मसाला कुणी लॅरामीला टाकला नसता.

एका कोपऱ्यात चूल मांडली आहे आणि पाटीवर लिहिलंय, की प्लॅटच्या खोऱ्यात लाकूड नसल्याने प्रवासी बायसनचं वाळलेलं शेण जाळत. सुरुवातीला शहरातून आलेल्या बायका ते काठीने ढकलत, मग हातमोजे घालून उचलू लागल्या, आणि शेवटी ओच्यात भरून आणू लागल्या. शेजारची अमेरिकन पोरं ‘ई’ करून नाक धरतात. आई वाकून नीट बघते. “थापलेल्या नाहीत. रानगोवऱ्या आहेत,” ती म्हणते. “धूर कमी होतो यांचा.” काचेपलीकडच्या वस्तूबद्दल एवढं नेमकं मत देणारा पाहुणा त्या कोपऱ्याला फारसा मिळत नसावा.

पुढे खिडकी आहे आणि खाली महामार्ग. तिथे वेग मोजायचं यंत्र ठेवलंय, खालून जाणारी मोटार ताशी किती मैलाने चाललीय ते आकड्यात दिसतं. मर्यादा पंचाहत्तरची. बैलगाडीच्या एका दिवसाला मोटारीची बारा मिनिटं पुरतात. बाबा ऐंशीवाल्यांची मोजदाद करत बसतात आणि प्रत्येकाला ‘बघा’ म्हणतात. ओरेगन ट्रेलवर इतका वेळ त्यांनी काढलेला नसतो.

या संग्रहालयावर सहा कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला. माणसांच्या वाहतुकीचा दीडशे वर्षांचा इतिहास, तोही देशातल्या एका मोठ्या रस्त्याच्या डोक्यावर, म्हणजे गर्दी लोटणार असा अंदाज होता. खालून रोज हजारो गाड्या जात, सगळ्यांना कमान दिसे, मुलं मागच्या सीटवरून ओरडत. पण महामार्गावरून तिथे उतरायला जवळ एक्झिटच नव्हता. पुढे कार्नी गावापर्यंत जायचं, तिथे बाहेर पडायचं आणि आतल्या रस्त्याने काही मैल मागे यायचं. तेवढं वळायला कुणी तयार नव्हतं. २०१३ मध्ये संग्रहालयाने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि जवळचा एक्झिट झाला तोही त्याच सुमारास. संग्रहालय त्यातून तरलं. आता गाडीतल्या माणसाला कमान दिसली की उतरायची सोय आहे. बरेच जण तरीही उतरत नाहीत. त्यांना अंधार पडायच्या आत डेन्व्हर गाठायचं असतं.